नमुने गेले, निष्कर्ष कुठे आहेत?

१९५६ साली वसईजवळच्या भुईगावात एक दगड सापडला. आपल्या नेहमीच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा तुटका तुकडा आणि त्यावर ब्राह्मी अक्षरं. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे तेव्हाचे ग्रंथपाल एन. ए. गोरे यांना तो मिळाला. सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तो अंश निघाला. त्याआधी १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्याच्या भाटेला तळ्याजवळ आठव्या लेखाचा तुकडा मिळाला होताच. प्राचीन शूर्पारकात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या परिसरात, अशोकाच्या लेखांची मालिका कोरलेली होती हे त्यामुळे पक्कं झालं. दोन्ही तुकडे आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

भुईगावच्या तुकड्यावर लेखाचा थोडाच भाग शिल्लक आहे, पण गिरनार, कालसी अशा ठिकाणच्या प्रतींमुळे पूर्ण मजकूर माहीत आहे आणि तो आजही वाचण्यासारखा आहे. लोक आजारपणात, लग्नकार्यात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेचे विधी करतात, बायका तर जास्तच. हे विधी करावेत, पण त्यांचं फळ थोडं, असं राजा म्हणतो. नोकरचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं, प्राण्यांना इजा न करणं, यातच खरं मंगल आहे असं तो पुढे सुचवतो. बायकांना मारलेला टोमणा सोडून देऊ. पण आजारी पडल्यावर माणसं काय करतात, याची समाजशास्त्रीय म्हणावी अशी नोंद या गावच्या दगडावर सव्वादोन हजार वर्षांपूर्वी झालेली आहे.

दगड मुंबईला गेला ते बरंच झालं. इथे राहता तर कुठल्यातरी विहिरीच्या काठावर कपडे धुवायला लागला असता. मात्र त्यानंतर या किनाऱ्यावरून आणि एकूणच पालघर जिल्ह्यातून बरंच काही गेलं: विहिरीच्या पाण्याच्या बाटल्या, रक्ताचे नमुने, बोलीची ध्वनिमुद्रणं, पक्ष्यांच्या नोंदी, भूकंपाचे आलेख, भरून घेतलेल्या प्रश्नावल्या. विद्यापीठं आणि संशोधन संस्था येतात, मोजतात, जातात. त्यातून काय कळलं आणि जे कळलं ते ज्याच्या अंगणातून नमुना नेला त्याच्याकडे परत आलं का, हा या लेखाचा प्रश्न. भुईगाव मध्यभागी धरलं आहे. परीघ वसईचा आणि गरज लागेल तिथे जिल्ह्याचा.

सुरुवात पुरातत्त्वापासून केली आहे तर तेच आधी संपवू. भगवानलाल इंद्रजींकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. जुनागढचा हा माणूस अक्षरं वाचत वाचत विद्वान झाला आणि १८८४ मध्ये हॉलंडच्या लायडन विद्यापीठानं त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. १८८२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी बुरुड राजाचा कोट हे टेकाड उकरलं. आत विटांचा स्तूप निघाला, पोटात दगडी करंडा, करंड्यात बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती, सोन्याची फुलं आणि एकात एक ठेवलेल्या डब्या. पुढे १९३९-४० मध्ये आणि १९९३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यानं उत्खननं केली; रोमन मद्यकुंभाचा तुकडा आणि उत्तरेकडची चकचकीत काळी भांडी मिळाली. सोपारा हे रोमशी व्यापार करणारं बंदर होतं याला मातीतून दुजोरा मिळाला. त्यानंतर शहरच इतक्या झपाट्यानं वाढलं की पुरातत्त्वाला फावडं मारायला जागा उरली नाही. खाडीपलीकडे साष्टीत मुंबई विद्यापीठाचं बहिःशाल केंद्र आणि साठ्ये महाविद्यालय यांनी गेल्या दशकात गावोगाव पायी फिरून वीरगळ, गधेगाळ, देवळांचे अवशेष यांची नोंद केली. वसईच्या बाजूला तितकंच चिकाटीचं काम व्हायला हवं, आणि ते लवकर, कारण इथे पाया खणणारं जेसीबी कोणासाठी थांबत नाही.

प्रयोगशाळा आणि इतिहास एकत्र आले की काय होतं, याचं चांगलं उदाहरण जिल्ह्याच्या वेशीबाहेर, गुजरातेतल्या संजाणला आहे. तिथल्या उत्खननात जुन्या पारशी दोखम्यातले मानवी अवशेष मिळाले. ज्ञानेश्वर चौबे, हैदराबादचे के. थंगराज आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्यांतल्या २१ जणांच्या मातृवंशीय डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळजवळ निम्म्या नमुन्यांत आईकडून आलेला वारसा दक्षिण आशियाई होता. इराणातून आलेल्या पारशांनी सुरुवातीच्या काळात स्थानिक स्त्रियांना आपल्यात सामावून घेतलं असावं, असा त्याचा अर्थ लावला गेला. दुधात साखर विरघळली ही कथा पारशी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. साखरेत इथलं दूध किती मिसळलं, हे आता मोजता आलं. वसईच्या जमातींबद्दल असा सखोल अभ्यास झाला तर मला आवडेल, पण एका अटीवर: नमुना देणाऱ्याला निकाल आधी कळावा, वर्तमानपत्राला नंतर.

बोलीच्या बाबतीत मात्र परतफेड झाली आहे आणि म्हणून हा भाग मला सगळ्यांत समाधानाचा वाटतो. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात ठाणे जिल्ह्याच्या बोलींमध्ये वाडवळी, फुडगी आणि सामवेदी यांची स्वतंत्र नोंद आहे. सामवेदी, म्हणजे घरातल्या नावानं कादोडी, ही भुईगाव, निर्मळ, गास या पट्ट्यातल्या कुपारी ख्रिस्ती घरांची बोली. गंमत अशी की वसईवर १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं पोर्तुगीज सत्ता होती. धर्म बदलला, आडनावं बदलली, पण घरातली भाषा मराठीचीच एक बोली राहिली. याउलट रेवदंड्याजवळच्या कोर्लईत पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून तयार झालेली भाषा आजही बोलली जाते. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिचा आयुष्यभर अभ्यास केला, १९९६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. एकीकडे शेजारच्या हिंदू वस्तीशी सोयरिकी नाहीत आणि दुसरीकडे पोर्तुगीज सत्तेशी संबंध तुटलेला, अशा अलगपणामुळे ती भाषा टिकली, असं त्यांचं विवेचन आहे. वसईची गोष्ट वेगळी का झाली, यावर एखाद्या मराठी विद्यार्थ्याचा प्रबंध निघाला तर तो मी पहिला वाचेन.

आता परतफेडीचं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्यानं मराठी बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं, प्रा. सोनल कुलकर्णी-जोशी त्याच्या प्रमुख. जिल्ह्याजिल्ह्यांत माणसांना बोलतं करून रोजच्या वापरातले शब्द, नात्यांची नावं, वाक्यांची घडण टिपली आणि ती नकाशांसह, ध्वनिमुद्रणांसह सगळ्यांना खुली केली. एखाद्या गोष्टीला सिंधुदुर्गात काय म्हणतात आणि पालघरमध्ये काय, हे शाळेतली मुलगी मोबाइलवर पाहू-ऐकू शकते. घरी कादोडी, शाळेत इंग्रजी, चर्चमध्ये प्रमाण मराठी आणि विरार लोकलमध्ये हिंदी, अशा चार भाषांतून दिवसभर फिरणाऱ्या मुलीला आपल्या आजीची बोली अभ्यासाचा विषय आहे हे कळणं, हीसुद्धा संशोधनाची फलश्रुतीच. वसईत १९५५ पासून निघणारं ‘सुवार्ता’ मासिक आहे, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी ते दीर्घकाळ संपादित केलं. बोलीचा अभ्यास इथे रुजला त्यामागे अशा छापील मराठी परंपरेचाही हात आहे. पाण्याच्या अभ्यासाला अशी परंपरा लाभली नाही आणि तिथेच खरी अडचण आहे.

भुईगावची जमीन रेताड. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड असतं. त्यामुळे किनाऱ्याच्या वाळूत पावसाचं मुरलेलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. डच अभियंता गायबेन यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि जर्मन हर्झबर्ग यानं १९०१ मध्ये या तरंगण्याचं गणित मांडलं. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी मिळतं. हे गणित उलट्या बाजूनं वाचा म्हणजे वसईचं दुखणं समजेल. उपसा करून वरची पातळी हातभर खाली नेली, की खारं पाणी खालून चाळीस हात वर चढायला मोकळं होतं. प्रत्यक्षात भूगर्भ इतका सरळ नसतो, पाणी वाहतं असतं, मध्ये चिकणमातीचे थर येतात. पण दिशा तीच. म्हणून किनाऱ्याजवळ उथळ विहिरीचं पाणी गोडं आणि शेजारी खोल मारलेल्या बोअरचं मचूळ, असं होऊ शकतं. नवा मालक बोअर आणखी खोल नेतो आणि आणखी खारं पाणी वर काढतो.

वसईच्या शेतकऱ्यानं हे गणित पाटीवर मांडलं नव्हतं, जमिनीवर मांडलं होतं. त्याचं नाव बावखल. वाडीच्या कडेला, घराच्या मागे खणलेलं उथळ तळं. खणलेली माती घराच्या जोत्याला आणि वाडीला भर घालायला जाई आणि खड्ड्यात पावसाचं पाणी साठे. रहाटानं किंवा पुढे पंपानं ते केळीला, पानवेलीला, भाजीला द्यायचं. उरलेलं आपोआप मुरायचं. गावागावांत अशी बावखलं असली, की गोड्या पाण्याची वरची पातळी उन्हाळ्यापर्यंत टिकून राहते आणि खालच्या खाऱ्यावर दाब राहतो. केळीची वाडी, राजेळीची सुकेळी, कळीचं पान हे वसईचं वैभव या दाबावर उभं होतं. बावखलं बहुतेक खासगी मालकीची. जागेला भाव आला, भराव टाकणं सोपं झालं. १९८८-८९ च्या सुमारास वसईचा हरित पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला तेव्हा दिब्रिटोंच्या पुढाकारानं हरित वसईची चळवळ उभी राहिली. पश्चिमेच्या विहिरींतून भरून नव्या वसाहतींकडे जाणारे पाण्याचे टँकर हा तिच्या रोषाचा मोठा विषय होता. शास्त्र आणि चळवळ दोन्ही एकच सांगत होती, पण एकमेकांच्या भाषेत बोलत नव्हती.

विहिरींच्या क्षारतेवर, भूजल पातळीवर मुंबई विद्यापीठात आणि इतरत्र शोधनिबंध, प्रबंध झाले आहेत. पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या राष्ट्रीय भांडारात चढवावे लागतात, त्यामुळे निदान ते सापडतात. पण त्यांची घडण बघा. मे महिन्यात नमुने, ऑक्टोबरमध्ये नमुने, दोन वर्षांचे तक्ते, मग पदवी. पुढचा विद्यार्थी पुन्हा वेगळ्या विहिरी निवडतो. खारं पाणी आत किती सरकलं हे कळायला एकच विहीर वीस वर्षं मोजावी लागते आणि तीन वर्षांत संपणाऱ्या पीएचडीला ते जमत नाही. दोष विद्यार्थ्याचा नाही. मोजण्याचं काम कंटाळवाणं आहे, त्याला शोधनिबंध मिळत नाही आणि विद्यापीठांत बढती शोधनिबंधावर ठरते.

पाण्याचं दुसरं टोक म्हणजे पूर. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसेंदिवस पाण्याखाली होतं; नालासोपाऱ्याजवळ अडकलेल्या एक्स्प्रेसमधल्या प्रवाशांना एनडीआरएफनं बोटींतून बाहेर काढलं. आदल्याच वर्षी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल, मुंबई आयआयटीचे सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांचा निबंध ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला होता. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. त्यांना बाष्प पुरवतो तो मुख्यतः अरबी समुद्र, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे आकाशाकडचं कारण कळलं होतं. जमिनीकडचं कारण शोधायला महापालिकेनं नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि मुंबई आयआयटी यांची सत्यशोधन समिती नेमली. तिच्या शिफारशींत पावसाचं पाणी थोपवून धरणाऱ्या तलावांचा मुद्दा होता. पूर्वी हे काम मिठागरं, खाजणं आणि बावखलं फुकट करत होती. आता त्यासाठी निविदा काढाव्या लागतात. असे अहवाल सहसा इंग्रजीत, जाडजूड आणि नकाशांनी भरलेले असतात. त्यातून आपल्या गल्लीत पाणी का भरतं, हे नगरसेवकालाही काढता येत नाही, मग रहिवाशाला कुठून येणार? आयआयटीनं २०२४ मध्ये मुंबईसाठी पावसाचा आणि पाणी साचण्याचा अंदाज देणारं ॲप लोकांसाठी आणलं. तसं काही मीरा-भाईंदरच्या खाडीच्या या अंगाला यायला हवं, कारण इथला माणूसही त्याच लोकलनं त्याच मुंबईला जातो.

खाजण, कांदळवन आणि पक्षी यांच्याबद्दल थोडक्यात. भुईगावच्या खाजणातल्या अनधिकृत कोळंबी प्रकल्पांवर झालेल्या कारवायांच्या बातम्या वसईकरांनी वाचल्या आहेत. याच किनाऱ्यावर हिवाळ्यात कुरव, सुरय, चिखल्या, तुतवार उतरतात आणि रविवारी पहाटे दुर्बिणी घेऊन हौशी मंडळीही उतरतात. हे लोक आपल्या नोंदी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ई-बर्ड या मंचावर टाकतात. देशभरातल्या सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या अशा जवळपास तीन कोटी नोंदींवर २०२३ चा ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ हा अहवाल बेतला. ९४२ प्रजातींपैकी १७८ प्रजाती मोठ्या काळजीच्या गटात आल्या. इथे नोंद देणारा आणि निष्कर्ष वाचणारा एकच आहे. कोणतीही पदवी नसलेला बँकेतला कारकून त्यात भर घालतो आणि उद्या तोच आकडा तपासूही शकतो. पाण्याच्या बाबतीत हेच का होऊ नये, हा प्रश्न मनात ठेवून पुढे जाऊ.

भूकंपाचा अनुभव मात्र जिल्ह्याच्या उत्तरेला. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत, धुंदलवाडीच्या परिसरात छोट्या धक्क्यांची रांग लागली. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेनं तिथे भूकंपमापक बसवले. धक्के उथळ आहेत, पावसाळ्यात खडकांच्या भेगांत उतरणाऱ्या पाण्याशी त्यांचा संबंध असू शकतो, अशी मांडणी शास्त्रज्ञांनी केली. कोयनेचा, धरणाच्या पाण्याशी जोडला गेलेला, ६.३ तीव्रतेचा डिसेंबर १९६७ चा भूकंप आठवणाऱ्या महाराष्ट्राला ती अपरिचित नाही. कोयनेत तर जमिनीत तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून अभ्यास चालला आहे. तलासरीच्या माणसाला मात्र कारणापेक्षा एकच हवं होतं: रात्री घरात झोपावं की बाहेर? भूकंपशास्त्र याचं उत्तर देऊ शकत नाही. कुडाची आणि विटांची घरं कशी सावरावीत हे स्थापत्य अभियांत्रिकी सांगू शकते. ज्या शास्त्राकडे उत्तर होतं ते तिथे मागाहून पोचलं.

वैद्यकाची कहाणी अधिक गुंतागुंतीची. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यापासून वेगळा झाला तेव्हा आदिवासी बहुसंख्य तालुके आणि मुंबईचं उपनगर एका जिल्ह्यात आले. जव्हारच्या वावर-वांगणीतले १९९२ चे बालमृत्यू सगळ्या राज्याला हादरवून गेले. तेव्हापासून कुपोषणावर इतके अभ्यास झाले आहेत की मोखाड्याच्या अंगणवाडी सेविकेला वजनकाटा आणि प्रश्नावली सारख्याच ओळखीच्या झाल्या असतील. स्थलांतर, रोजगार, बाळंतपणातलं अंतर, पाणी ही कारणं पुन्हा पुन्हा सिद्ध होतात. एखादी गोष्ट दहाव्यांदा सिद्ध करणं हे संशोधन नव्हे, टाळाटाळ आहे.

सिकलसेलचं वेगळं. भारतात हा आजार पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला. मुंबईत केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय रक्तविकार संस्थेनं पुढच्या दशकांत पश्चिम आणि मध्य भारतातल्या आदिवासींच्या रक्तदोषांचा नकाशा तयार केला. गावातली तपासणी पाहण्यासारखी असते. बोटाला टोचून रक्ताचा थेंब नळीतल्या द्रावणात टाकतात आणि नळीमागे रेघा मारलेला कागद धरतात. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा बुजल्या तर पुढची तपासणी. मग कळतं की माणूस एएस, म्हणजे वाहक आहे, की एसएस, म्हणजे रुग्ण. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेनं सात कोटी लोकांच्या तपासणीचं आणि २०४७ पर्यंत निर्मूलनाचं ध्येय ठेवलं आहे. इथे प्रयोगशाळेचा निष्कर्ष प्रत्येक घरात पोचतो, पण सोबत समजावणारं माणूस नसेल तर तो मुलीच्या लग्नातला खोडा होऊन बसतो. अशोकाच्या दगडावरची आजार आणि लग्न ही दोन कारणं इथे एका कार्डावर येतात.

वैद्यकात संशोधन लोकांसोबत कसं करावं याचा महाराष्ट्रातला मापदंड गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची देखभाल शिकवली आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. त्यांची ‘सर्च’ ही संस्था म्हणजे विद्यापीठ नव्हे, पण प्रश्न गावानं विचारला, मोजणी गावातल्याच बाईनं केली आणि उत्तर तिच्याच हातात राहिलं. पालघरमध्ये मुंबईची पाच-सहा वैद्यकीय महाविद्यालयं दोन तासांवर असूनही असं काम मुळं धरत नाही, हे आपल्या विद्यापीठांचं अपयश आहे. सौम्य शब्द मला सापडत नाही.

समाजशास्त्रांकडे या भागाला देण्यासारखं पुष्कळ होतं. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांवर. गावं महापालिकेत असावीत की नसावीत यावर मोर्चे निघाले, न्यायालयात खटले चालले. सूर्या प्रकल्पाचं पाणी आधी आदिवासी शेतीसाठी होतं. पुढे प्रादेशिक योजनेतून रोज ४०३ दशलक्ष लिटर शहरांकडे वळवायचं ठरलं, १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. डहाणूजवळच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झालं. खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये. अशा प्रकल्पांसाठी मासेमारीवरच्या परिणामांचे, सामाजिक परिणामांचे अभ्यास होतात, पण अशा अभ्यासांचं बिल बहुधा प्रकल्पवाल्याच्या नावे निघतं. डोल जाळ्यावर जगणारा कोळी त्या अहवालावर विश्वास ठेवत नाही, आणि त्याच्या जागी मीही ठेवला नसता. अभ्यास खोटा असतो असं मी म्हणत नाही. प्रश्न कोणी ठरवले, हे विचारायचा त्याला हक्क आहे.

एक वेगळी वाट मुंबई आयआयटीनंच दाखवली होती. संगणकशास्त्राचे प्राध्यापक मिलिंद सोहोनी यांनी तिथल्या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रातून ठाणे-पालघर भागातल्या नळपाणी योजनांचा आणि टँकरवर जगणाऱ्या पाड्यांचा विद्यार्थ्यांसह अभ्यास केला. योजना कागदावर पुरी आणि नळाला पाणी नाही, असं का होतं हे त्यांनी पाइपच्या व्यासापासून वीजबिलापर्यंत शोधलं. आपल्या वरच्या संस्था दूरच्या प्रश्नांवर शोधनिबंध लिहितात आणि दाराशी असलेल्या पाण्याच्या प्रश्नाला अभियांत्रिकी मानत नाहीत, ही त्यांची टीका ‘करंट सायन्स’मध्येही छापून आली. त्याच विचारातून राज्य सरकारचं उन्नत महाराष्ट्र अभियान निघालं. कल्पना उत्तम होती: तालुक्यातल्या महाविद्यालयानं तालुक्यातला प्रश्न घ्यावा, जिल्हा प्रशासनानं त्याचं मोल द्यावं. अशा कल्पना अधिकारी बदलला की मंदावतात, हे इथे वेगळं सांगायला नको.

तरी एक गोष्ट आता बदलली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाविद्यालयांत क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग प्रकल्पांना श्रेयांक आहेत. म्हणजे मुलांना काहीतरी प्रत्यक्ष करावंच लागतं. बऱ्याच ठिकाणी ते वृद्धाश्रमाची भेट आणि किनारा स्वच्छता यांवर भागवलं जातं. वसईत वर्तक महाविद्यालय आहे, गोन्सालो गार्सिया महाविद्यालय आहे, विरारला विवा आहे. या महाविद्यालयांनी भुईगाव ते अर्नाळा पट्ट्यातल्या ठरावीक विहिरी आणि बावखलं कायमची वाटून घ्यावीत. दरवर्षी मे आणि ऑक्टोबरमध्ये पाण्याची पातळी आणि क्षारता मोजावी; मोजायला लागते ती टेप आणि हातात मावणारा क्षारतामापक. विहिरी बदलू नयेत, मुलं बदलतील. आकडे दरवर्षी मराठीत, ग्रामस्थांना वाचता येतील असे, ‘सुवार्ता’त किंवा पंचायतीच्या, प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लावावेत. महापालिकेनं पुराच्या अहवालाचा प्रभागवार मराठी सारांश छापावा. आणि ज्यांच्या वाडीत विहीर आहे त्यांनी पुढच्या वेळी कोणी बाटली घेऊन आलं, तर पाणी जरूर द्यावं, पण नाव आणि फोन नंबर लिहून घ्यावा आणि सहा महिन्यांनी फोन करून विचारावं: आमच्या पाण्याचं काय निघालं?